विश्लेषण : एकमेकांशी कधीच न खेळलेले कॉलेज फुटबॉल संघ; त्यातला बलवान कोण, हे ठरवायचे कसे?

समजा, बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यातील एका कॉलेजचा फुटबॉल संघ आपल्या विभागात पाचपैकी पाच सामने जिंकला. त्याच मोसमात दक्षिण मुंबईतील एका कॉलेजने आपल्या विभागात पाचपैकी तीन सामने जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि एक गमावला. या दोन संघांची मैदानावर गाठ कधी पडलीच नाही. आता विद्यापीठाच्या संघनिवडीत कोणत्या कॉलेजच्या खेळाडूंकडे आधी पाहायचे? पाच विजय तीनपेक्षा जास्त असल्याने उत्तर सोपे वाटते. पण या दोन आकड्यांतून ते निघतच नाही. असे का, आणि उत्तर काढायचे तर आणखी काय लागते, याचा हा आढावा.

प्रश्न मुळात निर्माण का होतो?

मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सात जिल्हे येतात. संलग्न महाविद्यालये ८०० हून अधिक आहेत. त्यातल्या फक्त १०० कॉलेजांनी फुटबॉल संघ उतरवले आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदाच खेळायचे ठरवले, तरी ४,९५० सामने होतील. मैदान, पंच आणि परीक्षांचे वेळापत्रक पाहता ते अशक्य आहे. अंतराचा प्रश्न वेगळाच. बदलापूर ते सीएसएमटी हा रेल्वेमार्गच सुमारे ६८ किलोमीटरचा. किट घेऊन लोकलने जायचे, ९० मिनिटे खेळायचे आणि परतायचे, यात पूर्ण दिवस जातो. सावंतवाडीच्या संघाचे तर विचारायलाच नको.

त्यामुळे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आधी विभागवार होतात. देशपातळीवरही तेच. भारतीय विद्यापीठ संघ (एआययू) आंतरविद्यापीठ फुटबॉलसाठी देशाचे पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण असे चार विभाग करतो. ही व्यवस्था सोयीची आहे, पण तिची किंमत आहे. वेगवेगळ्या विभागांतील बहुतेक संघ एकमेकांना भेटतच नाहीत.

यात खेळाडूचे काय पणाला लागते?

कॉलेजच्या भिंतीवर लागणाऱ्या फोटोपुरता हा विषय असता तर वादापलीकडे गेला नसता. पण विद्यापीठाच्या संघातील निवड नोकरीपर्यंत पोहोचते. केंद्र सरकारच्या ४ ऑगस्ट १९८० च्या आदेशापासून गुणवान खेळाडूंच्या थेट भरतीची योजना आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेले खेळाडू त्यात पात्र ठरतात. प्राधान्यक्रमही ठरलेला आहे. आधी आंतरराष्ट्रीय खेळाडू, मग राष्ट्रीय स्पर्धेत राज्याकडून पहिल्या तिघांत आलेले, मग आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्या तिघांत आलेले. नुसता सहभाग असलेल्यांचा क्रमांक शेवटी लागतो. रेल्वेच्या क्रीडा कोट्यातील भरतीतही अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेतील पहिल्या तीन स्थानांना महत्त्व आहे. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे.

म्हणजे ‘कोणता संघ बलवान’ या प्रश्नाचे उत्तर दोन ठिकाणी कामी येते. विद्यापीठाच्या संघात कोण जाणार, हे ठरवताना आणि देशपातळीवर कोणत्या विभागाला किती जागा मिळणार, हे ठरवताना.

जिंकलेले सामने मोजले की पुरे, असे का नाही?

एका विभागात आठ संघ आहेत आणि ते फक्त आपापसात साखळी पद्धतीने खेळतात, असे धरू. एकूण सामने २८. कोणताही सामना बरोबरीत सुटला नाही तर विजय २८ आणि पराभव २८. विभागाची सरासरी ५० टक्के. बरोबरीला अर्धा विजय धरला, तरी सरासरी तीच राहते.

आता दुसऱ्या विभागातील आठही संघ राष्ट्रीय दर्जाचे आहेत असे माना. तेही आपापसातच खेळले तर त्यांची सरासरीही ५० टक्केच येणार. गल्लीतले आठ संघ असोत किंवा देशातले सर्वोत्तम आठ, बंद गटाचा हिशेब कायम सारखाच दिसतो. विभाग कठीण होता की सोपा, ही माहिती त्या तक्त्यात नसतेच. मग कितीही हुशार सूत्र लावले तरी ती त्यातून बाहेर येत नाही.

बाद पद्धतीमुळे काय बिघडते?

आपल्याकडील बहुतेक कॉलेज स्पर्धा बाद पद्धतीने होतात. ३२ संघांच्या बाद स्पर्धेत ३१ सामने होतात. त्यातले १६ संघ एकच सामना खेळून घरी जातात आणि आणखी आठ संघ दोन खेळून. म्हणजे तीन चतुर्थांश संघांविषयी आपल्याकडे जास्तीत जास्त दोन सामन्यांची माहिती असते. पहिल्याच फेरीत भावी विजेत्याकडून १-० ने हरलेला संघ आणि त्याच फेरीत ०-६ ने हरलेला संघ, दोघेही निकालपत्रकात ‘पहिल्या फेरीत पराभूत’ एवढेच असतात.

त्यात फुटबॉल हा कमी गोलांचा खेळ आहे. एक संघ सरासरी दीड गोल करणारा आणि दुसरा सरासरी एक गोल करणारा असेल, तर संभाव्यतेच्या साध्या गणिताने (पॉयसाँ वितरणाने) बलवान संघ सुमारे ४९ टक्के वेळा जिंकतो. २६ टक्के सामने बरोबरीत सुटतात आणि २५ टक्के वेळा कमकुवत संघ जिंकतो. चार सामन्यांत एकदा ‘धक्कादायक निकाल’ लागणे यात धक्कादायक काही नाही. त्यामुळे एका सामन्यावरून संघाची ताकद ठरवणे म्हणजे एका पेपरवरून पदवी देण्यासारखे आहे.

अमेरिकेतील छोटी कॉलेजे काय करतात?

हा प्रश्न सर्वात मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत सोडवला जातो. तेथील कॉलेज क्रीडा संघटना एनसीएएच्या तिसऱ्या श्रेणीत छोटी कॉलेजे येतात. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही. पुरुष फुटबॉलचे ४०० हून अधिक कॉलेज संघ त्यात आहेत आणि ते ‘कॉन्फरन्स’ नावाच्या प्रादेशिक गटांत विभागलेले आहेत. गटविजेत्यांना राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. खरा वाद उरलेल्या जागांवरून होतो. सोप्या गटातला दुसरा संघ घ्यायचा की कठीण गटातला तिसरा?

यासाठी कॉलेज खेळांत दीर्घकाळ आरपीआय हे सूत्र वापरले गेले. त्याच्या मूळ रूपात संघाच्या स्वतःच्या विजयाच्या प्रमाणाला २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयाच्या प्रमाणाला ५० टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रमाणाला २५ टक्के वजन असते. उदाहरणार्थ, एका संघाने दहापैकी आठ सामने जिंकले, पण त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे प्रमाण ०.४५ आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचे ०.५० आहे. त्याचा आरपीआय ०.५५. दुसऱ्याने सहाच जिंकले, पण पुढचे दोन आकडे ०.६० आणि ०.५५ आहेत. त्याचा आरपीआय ०.५८७५. दोन विजय कमी असूनही दुसरा संघ वर जातो.

पण मघाचा नियम येथेही लागू होतो. गट पूर्ण बंद असेल तर प्रतिस्पर्ध्यांची सरासरीही ५० टक्क्यांच्या आसपासच घुटमळते. आरपीआयला अर्थ येतो तो कॉन्फरन्सबाहेरच्या सामन्यांमुळे. अमेरिकी कॉलेजे मोसमाच्या सुरुवातीला असे सामने मुद्दाम ठेवतात. तिसऱ्या श्रेणीने २०२४-२५ च्या मोसमापासून एनपीआय हा नवा निर्देशांक आणला. त्यातही प्रतिस्पर्धी किती तगडा होता, याला महत्त्व आहे.

गोलफरकातून काही कळते का?

कळते. या बाबतीत महत्त्वाचे काम एका छोट्या कॉलेजातच झाले. व्हर्जिनिया राज्यातील ब्लूफील्ड कॉलेजचा गणिताचा विद्यार्थी केनेथ मॅसी याने १९९७ मध्ये पदवीच्या प्रकल्पात संघांच्या मानांकनाची पद्धत मांडली. पुढे अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या, म्हणजे त्यांच्या हातात चेंडू घेऊन खेळायच्या फुटबॉलच्या, अधिकृत क्रमवारीत त्याचे मानांकन वापरले गेले.

कल्पना सोपी आहे. प्रत्येक संघाला एक गुण द्यायचा, असा की दोन संघांच्या गुणांतला फरक त्यांच्या सामन्यातल्या गोलफरकाच्या शक्य तितका जवळ यावा. सगळे सामने एकाच वेळी तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून इंजिनीअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी भेटणारी ‘लघुतम वर्ग’ पद्धत लावून एकूण चूक कमीत कमी करायची.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका विभागात ‘अ’ ने ‘ब’ ला दोन गोलांनी हरवले. दुसऱ्या विभागात ‘च’ ने ‘छ’ ला तीन गोलांनी हरवले. ‘अ’ आणि ‘च’ कधी भेटले नाहीत. पण ‘ब’ आणि ‘छ’ यांच्यात एक मैत्रीपूर्ण सामना झाला आणि ‘ब’ दोन गोलांनी जिंकला. आता साखळी जोडता येते. ‘छ’ ला शून्य धरले तर ‘ब’ २, ‘अ’ ४ आणि ‘च’ ३. म्हणजे ‘अ’ एका गोलाने सरस. दोन्ही विभाग जोडणारा हा एक सामना म्हणजे पूल. तो नसता तर दोन तक्ते शेजारी ठेवून नुसते पाहत बसावे लागले असते.

एक पूल पुरतो का?

नाही. त्याच ‘ब’ आणि ‘छ’ मध्ये दुसरा सामना झाला आणि तो बरोबरीत सुटला, असे धरा. दोन सामन्यांची सरासरी काढली की ‘ब’ एका गोलानेच पुढे राहतो. मग ‘अ’ ३ आणि ‘च’ ही ३. दुसऱ्या सामन्यात ‘ब’ दोन गोलांनी हरला असता तर ‘अ’ २ आणि ‘च’ ३, म्हणजे क्रम उलटाच. ‘अ’ आणि ‘च’ आपापल्या मैदानावर काहीही वेगळे खेळलेले नाहीत. तरीही तिसऱ्याच दोन संघांच्या एका दुपारच्या सामन्याने त्यांची क्रमवारी फिरली.

मघाच्याच दीड गोल विरुद्ध एक गोल या उदाहरणात एका सामन्याचा गोलफरक सुमारे १.६ गोलांनी इकडे-तिकडे होणे स्वाभाविक असते. असे चार पूल असतील तर सरासरीतली अनिश्चितता निम्म्यावर, म्हणजे सुमारे ०.८ वर येते. ती आणखी निम्मी करायची तर १६ पूल लागतात. कोणत्याही क्रमवारीकडे पाहताना पहिला प्रश्न ‘सूत्र कोणते’ हा नसावा, ‘पूल किती’ हा असावा.

आणखी दोन खबरदाऱ्या घ्याव्या लागतात. दुबळ्या संघावर चढवलेले दहा गोल ताकदीपेक्षा दुबळेपणाच जास्त दाखवतात. म्हणून गोलफरकाला तीन किंवा चारची कमाल मर्यादा घालणे शहाणपणाचे. दुसरे, कॉलेजचा खेळाडू तीन वर्षांत निघून जातो. क्लबच्या संघाप्रमाणे पाच वर्षांची पुण्याई येथे चालत नाही. मागच्या वर्षीचा निकाल या वर्षीच्या संघाविषयी फारसे सांगत नाही.

बुद्धिबळातील ‘इलो’ पद्धत येथे चालेल का?

अमेरिकेतील मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे अर्पाद इलो यांची पद्धत अमेरिकी बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये आणि ‘फिडे’ने १९७० मध्ये स्वीकारली. ‘फिफा’नेही २०१८ च्या पुरुष विश्वचषकानंतर आपली क्रमवारी याच धर्तीवर बसवली. सामन्याआधी अपेक्षित निकाल काढायचा आणि प्रत्यक्ष निकाल त्यापेक्षा चांगला आला तर गुण वाढवायचे, वाईट आला तर घटवायचे. ‘फिफा’च्या सूत्रात २०० गुणांनी पुढे असलेल्या संघाकडून एका सामन्यात सरासरी ०.६८ विजयाची अपेक्षा असते. सामन्याचे महत्त्वही मोजले जाते. ठरलेल्या आंतरराष्ट्रीय कालावधीबाहेरच्या मैत्रीपूर्ण सामन्याचे वजन ५, तर विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपासून पुढे ६०.

कॉलेज फुटबॉलसाठी ही पद्धत सोपी आहे, मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्येही बसते. पण तिची मर्यादा तीच. नेहमीच्या ‘इलो’ पद्धतीत एका संघाने कमावलेले गुण दुसऱ्याने गमावलेले असतात. आठ संघांनी प्रत्येकी १,५०० गुणांनी सुरुवात केली तर विभागाची बेरीज १२,००० असते आणि बाहेर कोणी खेळले नाही तर मोसमाअखेरही १२,००० च राहते. आठवडी बाजारात तेच पैसे या हातातून त्या हातात फिरावेत, तसे. बाहेरचा पैसा येतो तो बाहेरच्या संघाला हरवल्यावरच.

प्रत्येक विभागाला सारख्या जागा देणे न्याय्य आहे का?

आंतरविद्यापीठ फुटबॉलमध्ये प्रत्येक विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीत जातात. चार विभाग, १६ संघ. वरवर पाहता यापेक्षा समान वाटप नाही. पण अनेकदा अखिल भारतीय विजेतेपद मिळवणारे कालिकत विद्यापीठ आणि केरळमधील इतर तगडे संघ दक्षिण विभागात एकत्र येतात. तेथे पाचवा आलेला संघ दुसऱ्या एखाद्या विभागात तिसरा आला असता का, हे कोणालाच तपासता येत नाही, कारण तो पुढे खेळतच नाही. रणजी करंडकाने अशाच विभागवार रचनेतून वाट काढली. २००१-०२ पर्यंत विभागवार चाललेली ही स्पर्धा २००२-०३ पासून ताकदीनुसार एलिट आणि प्लेट गटांत खेळवली गेली.

दुसरा नमुना युरोपचा आहे. इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी यांच्या लीग स्वतंत्र चालतात. त्यांच्यातला पूल म्हणजे चॅम्पियन्स लीगसारख्या युरोपीय स्पर्धा. त्यातील विजयाला दोन, बरोबरीला एक गुण धरून एकूण गुणांना त्या देशाच्या सहभागी क्लबच्या संख्येने भागले जाते. २०२४-२५ पासून आधीच्या मोसमात सर्वोत्तम ठरलेल्या दोन देशांना चॅम्पियन्स लीगमध्ये एकेक जादा जागा मिळते. पहिल्या वर्षी ती इटली आणि जर्मनीला मिळाली आणि आपापल्या लीगमध्ये पाचव्या आलेल्या बोलोन्या आणि बोरुसिया डॉर्टमुंड यांना प्रवेश मिळाला.

हे सूत्र आंतरविद्यापीठ स्पर्धेला लावणे अवघड नाही. अखिल भारतीय फेरीतील सामने हे विभागांना जोडणारे पूलच आहेत आणि ते दर वर्षी होतात. प्रत्येक विभागाला तीन जागा कायम ठेवून उरलेल्या चार जागा आधीच्या कामगिरीवर दिल्या तरी कोणत्याही विभागाचे प्रतिनिधित्व बुडत नाही. खेळाडू बदलत असल्याने हिशेब पाचऐवजी दोन-तीन वर्षांचा धरावा लागेल, एवढेच.

बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगरच्या कॉलेजांना काय करता येईल?

नियम बदलण्याची वाट न पाहता तीन गोष्टी करता येतात.

पहिली, नोंद. प्रत्येक सामन्याची तारीख, ठिकाण, प्रतिस्पर्धी, गोलसंख्या आणि संघ पूर्ण ताकदीने उतरला होता का, एवढे पाच रकाने पुरेत. बाद फेरीत हरणाऱ्या संघाची गोलसंख्या बहुतेक वेळा कोणी जपून ठेवत नाही. खरे तर ‘विजेत्याशी ०-१’ हीच त्या संघाची सर्वात मोलाची कमाई असते.

दुसरी, पूल बांधणे. चार कॉलेजांची साखळी घेतली तर सहाच सामने होतात आणि डाव थोडे छोटे ठेवले तर ते एका मैदानावर एका रविवारीही बसतात. त्यात दोन संघ ठाणे जिल्ह्यातले आणि दोन मुंबईतले असतील, तर त्या सहापैकी चार सामने दोन विभागांना जोडणारे होतात. आधी सांगितल्याप्रमाणे चार पूल म्हणजे निम्मी अनिश्चितता. सामने विभागविजेत्यांमध्येच हवेत असेही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या संघांची गाठ पडली तरी साखळी जोडली जाते. शहरांतील कॉलेज संघांना एकत्र आणणाऱ्या खासगी स्पर्धांचे निकालही याच तक्त्यात धरता येतात.

तिसरी, आकड्याची जागा ओळखणे. संघाचे मानांकन म्हणजे खेळाडूचे मानांकन नव्हे. कमकुवत संघाचा गोलरक्षक एका सामन्यात १५ फटके अडवून शेवटी ०-२ ने हरतो आणि बलवान संघाच्या गोलरक्षकाकडे दिवसभर चेंडू येतच नाही. म्हणून या क्रमवारीने संघ निवडायचा नसतो. निवड समितीने कोणत्या मैदानावर जाऊन बसायचे आणि कोणत्या विभागातून किती मुलांना चाचणीला बोलवायचे, हे ठरवायला तिचा उपयोग आहे.

पाचपैकी पाच सामने जिंकलेला संघ खरोखर सरस असू शकतो किंवा त्याचा विभाग सोपा असू शकतो. आज दोन्ही शक्यता सारख्याच उघड्या आहेत. त्यातली एक मिटवण्यासाठी नव्या सूत्राची नाही, तर विभागाबाहेरच्या तीन-चार सामन्यांची आणि त्यांचे गोल लिहून ठेवणाऱ्या एका वहीची गरज आहे. ज्या खेळाडूचे तिसरे वर्ष सुरू आहे, त्याच्याकडे त्यासाठी हा एकच मोसम उरलेला असतो.